कारवान की मुधोळ? : एका शिकारी कुत्र्याच्या दोन नावांचा इतिहास

एकाच जातीच्या कुत्र्याला दोन नावे असणे ही वरवर पाहता किरकोळ बाब आहे. दख्खनच्या माळावरचा सडपातळ, लांब पायांचा, अरुंद मुखाचा शिकारी कुत्रा केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरात ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून नोंदला जातो, तर सरकारी पत्रकांत आणि टपालखात्याच्या तिकिटावर तो ‘मुधोळ हाउंड’ असतो. सोलापूर, सांगली, लातूर या भागांतल्या वाडीवस्तीवर मात्र त्याला सरळ ‘कारवान’ किंवा ‘कारवानी’ म्हणतात, आणि कानांवर, शेपटीवर केसांची झालर असलेल्या त्याच्या भाऊबंदाला ‘पश्मी’. एक नाव चालणाऱ्या तांड्याचे आहे, दुसरे एका संस्थानाच्या राजधानीचे. हा केवळ उच्चारभेद किंवा प्रांतभेद नाही, असे आम्हाला वाटते. हा कुत्रा कोणाचा, या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे त्या दोन नावांत दडलेली आहेत, आणि त्यांपैकी एक उत्तर हळूहळू पुसले गेले आहे. ते कसे पुसले गेले, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

हा विषय आम्हाला सुचला तो आमच्या वस्तीमुळे. मोशी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली, आणि इंद्रायणीकाठच्या या गावाचे पाहता पाहता उंच इमारतींचे उपनगर झाले. या इमारतींच्या आवारात आता उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले दाट केसांचे कुत्रे धापा टाकत फिरताना दिसतात, आणि त्याच वेळी पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेने धनगरांची मेंढरे आपल्या साध्या राखणदार कुत्र्यांसह जात असतात. कुत्र्याचे शरीर आणि त्याची भूमी यांचा काही संबंध असतो की नाही, हा प्रश्न हे दोन्ही दृश्य एकत्र पाहणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही.

तो संबंध स्पष्ट व्हावा म्हणून एक दूरची तुलना करू. नॉर्वेचा राष्ट्रीय कुत्रा म्हणजे ‘नॉर्वेजियन एल्कहाउंड’. एल्क म्हणजे तिकडचे घोड्याएवढे थोराड सांबर. ज्या जंगलात ते राहते तिथे झाडीमुळे पन्नास पावलांपलीकडचे दिसत नाही. म्हणून तिथला शिकारी कुत्रा नाकाने माग काढतो, जनावर सापडले की त्याला भिडत नाही, तर भोवती नाचत सतत भुंकून त्याला एका जागी खिळवून ठेवतो, आणि मालक त्या भुंकण्याच्या दिशेने दऱ्याडोंगर ओलांडत येतो. वीस इंचांच्या आसपास उंची, आखूड भक्कम बांधा, पाठीवर घट्ट वळलेली शेपटी, आतून लोकरीसारखा मऊ आणि बाहेरून राठ असा करड्या केसांचा दुहेरी थर. या गोष्टी त्या जंगलाने आणि त्या थंडीने घडवल्या आहेत. आपला कारवान याच्या अगदी उलट. तो उघड्या माळाचा कुत्रा. मैलभर सपाटी, गुडघ्याएवढे गवत, मधूनच बाभूळ-बोर. इथे नाकापेक्षा डोळा उपयोगाचा आणि भुंकण्यापेक्षा मौन. सुमारे सव्वीस-अठ्ठावीस इंच उंची, खोल छाती, आत ओढलेले पोट, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकून सुटणारा, अंगावर जेमतेम आखूड केस आणि कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच. ससा उठला की तो दिसतो, आणि दिसला की हा सुटतो. दोन्ही कुत्रे शिकारीच. पण एक जंगलाचे अपत्य आहे, दुसरा माळाचे.

माळावरच्या या शिकारीची स्मृती दख्खनमध्ये फार जुनी आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर येथे सापडलेला, इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख अभ्यासकांना सुपरिचित आहे. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर या वीराने आपल्या धन्याकडे, गंग राजा बूतुग याच्याकडे, इनाम म्हणून ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे तिने एका रानडुकराशी झुंज दिली आणि दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ दगड उभारला गेला, त्यावर कुत्रे आणि डुक्कर यांची झुंज कोरली गेली, आणि त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली. आपल्याकडे गावोगावी वीरगळ आहेत; हा एका कुत्रीचा वीरगळ. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश रचला. त्यातल्या वीस राजविनोदांत गज, तुरंग, मल्ल यांच्याबरोबरीने ‘सारमेयविनोद’ म्हणजे कुत्र्यांचा खेळ हाही एक स्वतंत्र विषय आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या धाराशिव-लातूरच्या सीमेला लागून असलेले. म्हणजे ज्या टापूत आज कारवान आढळतो, त्याच टापूत नऊशे वर्षांपूर्वी शिकारी कुत्रा हा राजाने लिहिण्याजोगा विषय होता. अर्थात मानसोल्लासातला कुत्रा हाच आजचा कारवान, असे कोणी म्हणू नये. जात या शब्दाचा आजचा वंशावळीचा अर्थ त्या काळी नव्हताच. पण कुत्र्याविषयीचा आदर होता, आणि तो कृतीत उतरत होता.

ही परंपरा ध्यानात घेतली म्हणजे सातारच्या छत्रपती शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट निराळी दिसू लागते. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, ही कथा प्रसिद्ध आहे. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्याची समाधी दाखवतात. १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्याला कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत नोंदवली आहे. भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून आपले पागोटे त्याच्या मस्तकी ठेवल्याचे तो सांगतो. मात्र ती त्याने महाराजांच्या उतारवयातल्या बुद्धिभ्रंशाचे लक्षण म्हणून सांगितली. पुढच्या अनेकांनी तोच सूर उचलला. शाहूमहाराजांच्या अखेरच्या वर्षांतली मनःस्थिती काय होती, हा वेगळा प्रश्न आहे. पण जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला जमीन लावून देणे हे वेडाचे लक्षण ठरवायचे, तर आतकूरच्या दगडापुढे जमीन लावून देणाऱ्यालाही वेडा म्हणावे लागेल. डफला जे अजब वाटले, ते दख्खनच्या रीतीला सोडून नव्हते. इथे एक खुलासा करणे भाग आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून गेली अनेक वर्षे वाद झाले. १९३६ साली उभारलेला तो पुतळा २०१२ मध्ये काढलाही गेला आणि पुन्हा बसवलाही गेला. वाघ्याचा उल्लेख शिवकालीन साधनांत मिळत नाही, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो भावनेने खोडता येत नाही. खंड्याची गोष्ट त्या पंक्तीत बसवू नये. तिला डफसारख्या परक्या आणि प्रतिकूल लेखकाचीही साक्ष आहे.

दरबारापेक्षा देवळात ही स्मृती अधिक टिकली. खंडोबाच्या टाकांवर घोडा असतो आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये पूर्वी देवाचे कुत्रे म्हणून भुंकत, कोटंब्यात वाढलेले खात. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाविषयी विपुल लिहिले, आणि जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी तर या देवाला शिकाऱ्यांचा, योद्ध्यांचा आणि मेंढपाळांचा राजा म्हटले. या तीन वर्गांना जोडणारा प्राणी कोणता, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येते. शिकाऱ्याला तो सावज धरून देतो, मेंढपाळाचा वाडा राखतो, आणि योद्ध्याच्या छावणीबरोबर चालतो. जेजुरीच्या पायऱ्या चढणाऱ्या धनगराला आणि रामोश्याला हे कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

मग ‘कारवान’ हे नाव कुठून आले? मध्य आशिया, इराण, अरबस्तान या भागांत ताझी, सालुकी असे याच घडणीचे कुत्रे आहेत. व्यापारी तांड्यांबरोबर, घोड्यांच्या सौदागरांबरोबर आणि बहमनी व आदिलशाही काळात आलेल्या परदेशी सरदारांबरोबर ते दख्खनमध्ये उतरले आणि इथल्या कुत्र्यांत मिसळले, ही उपपत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. उत्तरेत अबुल फझलने अकबराच्या कुत्र्यांविषयी लिहिताना काबूलकडच्या, विशेषतः हजारा मुलखातल्या कुत्र्यांची थोरवी गायिली आहे, त्यावरून या देवघेवीची कल्पना यावी. पण बाहेरून आलेले ते बीज पुढे काही शतके इथल्या माळावर, इथल्या भाकरीवर आणि इथल्या उन्हात वाढले. ते वाढवले कोणी? बेडरांनी, पारध्यांनी, धनगरांनी, कोरडवाहू शेतकऱ्यांनी. कोल्हापूरच्या छत्रपतींनी काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले; गरिबाचा चित्ता म्हणजे हा कुत्रा.

दुसरे नाव विसाव्या शतकातले. मुधोळ हे घटप्रभेच्या काठचे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. कन्नड साहित्याच्या रत्नत्रयीपैकी एक कवी, रन्न, याच गावचा. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले, १९५६ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि आज बागलकोट जिल्ह्यात आहे. संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातले बेडर शिकारीला वापरत असलेले हे कुत्रे पाहिले, त्यांची निवडक पैदास करवली आणि नष्ट होऊ घातलेली जात सावरली, असे सांगितले जाते. त्यांचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र याला जोडून एक गोष्ट सर्वत्र छापली जाते : १९३७ साली राजेसाहेबांनी विलायतेत पाचव्या जॉर्ज बादशहाला या कुत्र्यांची जोडी नजर केली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच निवर्तला होता. तेव्हा साल तरी चुकले आहे, नाही तर बादशहा तरी. आश्चर्य चुकीचे नाही, चुका होतात. आश्चर्य याचे, की ही गोष्ट इतक्या वर्षांत इतक्या जणांनी लिहिली आणि कोणालाही तपासावीशी वाटली नाही. बादशहाचा हात लागल्यावाचून आपल्याच दारच्या जनावराला मोल येत नाही, ही समजूत त्या चुकीच्या मुळाशी आहे.

आता पुसल्या गेलेल्या बाजूकडे वळू. याच मुधोळ संस्थानात हलगली नावाचे गाव आहे. १८५७ साली सरकारने शस्त्रे जमा करण्याचा कायदा केला तेव्हा हलगलीच्या बेडरांनी हत्यारे द्यायला नकार दिला. त्या नोव्हेंबरात इंग्रजी फौजेने गाव जाळले, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना मुधोळात व हलगलीत जाहीरपणे फाशी दिले. त्यांच्यावरचे कन्नड पोवाडे पुढे फ्लीटसारख्या संशोधकाने जमवून छापले, म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांच्या दावणीचा कुत्रा बादशहापर्यंत पोहोचल्याचे कौतुकाने सांगितले जाते, ते हे लोक. हत्यार गेले, ही पहिली पायरी. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. फासेपारध्यांसारख्या शिकारीवर जगणाऱ्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. तो कलंक कागदावरून १९५२ साली निघाला, लोकांच्या मनातून अजून निघालेला नाही. तिसरी पायरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची. हा कायदा आवश्यक होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. काळवीट आज रेहेकुरीला किंवा नान्नजला दिसतो तो त्यामुळेच. पण त्या कायद्याने कारवानचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम एका दिवसात गुन्हा झाले. आधी शिकारी गुन्हेगार, मग शिकार गुन्हा, आणि शेवटी शिकारी कुत्रा म्हणजे गुन्ह्याचे साधन.

काम गेलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते? दोनच गोष्टी होतात. एक, तो साखळीला बांधला जातो. धावण्यासाठी घडलेले शरीर चार हात दोरीत फिरत राहते, आणि मग तो चिडका, भित्रा किंवा चावरा झाला की जातीला दोष दिला जातो. दोन, तो जत्रांमधल्या श्वानशर्यतींत उतरवला जातो, आणि तिथे सरळ रेषेतल्या वेगासाठी विलायती ग्रेहाउंडचे रक्त त्यात मिसळले जाते. अशा संकराचा कुत्रा शंभर यार्डांत पुढे जाईल, परंतु खडकाळ माळावर, उन्हात, वळणे घेत मैलभर पळण्याची मूळ जातीची चिवट ताकद त्यात राहत नाही. त्यात माळही राहिलेला नाही. गवताळ रानाला इंग्रजी महसुली व्यवस्थेने ‘पडीक’ ठरवले, आणि स्वातंत्र्यानंतरही तोच शब्द चालू राहिला. ज्याला पडीक म्हटले, त्यावर कारखाना, कालवा किंवा सोसायटी उभी करताना कोणाला खंत वाटत नाही. चाकण-मोशीच्या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हाला हे निराळे सांगायला नको.

याच पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचा इतिहास ताजा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यती असाव्यात की नसाव्यात, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. आमचा मुद्दा एवढाच, की खिलार बैलाच्या मागे गावे उभी राहिली, पुढारी उभे राहिले, वकील उभे राहिले. शर्यत बंद झाली तर खिलार कोण पाळील, हा युक्तिवाद भर न्यायालयात झाला. कारवानच्या मागे ज्यांनी उभे राहायचे ते पारधी आणि बेडर स्वतःच्याच जामिनाच्या खटाटोपात होते.

अलीकडे चित्र काहीसे पालटले आहे. २००५ मध्ये टपालखात्याने भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यक विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये काही पिल्ले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून या जातीचे नाव घेतल्यावर मागणी वाढली. हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही या सन्मानाच्या यादीत कुत्रा आहे, संस्था आहेत, राजेसाहेब आहेत. दोरी धरणारा माणूस कुठेच नाही.

आणि जातीची खरी निगा त्या माणसाला ठाऊक होती. ती थोडक्यात नोंदवून ठेवतो. कारवानच्या बरगड्या दिसणे हे उपासमारीचे लक्षण नव्हे. त्याला गुबगुबीत करणे म्हणजे त्याचे सांधे बिघडवणे. ज्वारी-बाजरीची भाकरी, ताक किंवा दूध, अधूनमधून अंडी वा मांस यावर तो उत्तम राहतो. छाती खोल असल्याने भरल्या पोटी पळवू नये, पोट फुगून जिवावर बेतते. अंगावर चरबी नसल्याने थंडीत फरशीवर झोपवू नये. पोत्याची जाड गादी द्यावी, नाही तर कोपरांना घट्टे पडून जखमा होतात. कातडी पातळ, काटेरी तारेने सहज फाटते. डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा निसटतो. रुंद पट्टा हवा. नजरेच्या टप्प्यात मांजर, कोंबडी, शेळीचे करडू आले तर तो हाक ऐकणार नाही, म्हणून रस्त्याकाठी कधी मोकळा सोडू नये. पण कुंपणाच्या आत रोज मनसोक्त धावू द्यावे. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. हा त्याचा स्वभाव आहे, उद्धटपणा नव्हे. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास पशुवैद्याला जात आधी सांगावी, कारण अशा सडपातळ कुत्र्यांना भुलीची काही औषधे सोसत नाहीत. दुहेरी केसांच्या उत्तरेकडच्या कुत्र्याला यातले जवळजवळ सगळे उलटे लागते : नियमित विंचरणे, थंडावा, खाण्यावर कडक मर्यादा. ज्याला ते देता येणार नाही त्याने हौसेखातर तो आणून मे महिन्यात मोशीच्या सातव्या मजल्यावर कोंडू नये.

शिकार पुन्हा सुरू करा, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. नॉर्वेत एल्कच्या शिकारीवर ठरावीक मर्यादा आहेत, आणि जखमी जनावर शोधण्यासाठी मान्यताप्राप्त माग काढणारा कुत्रा उपलब्ध असणे तिथे शिकाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तिकडे कायद्याने कुत्र्याचे काम बदलून त्याला नवे स्थान दिले. आपल्याकडे काम काढून घेतले आणि पुढचा विचार झाला नाही. दोरीने ओढलेल्या कापडी सशामागे धावण्याचे खेळ, शेतीची राखण, वाड्यावरची जागल, अशी निरुपद्रवी कामे या कुत्र्याला देता येतील. त्याआधी एक काम मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी करण्याजोगे आहे. कुत्र्याच्या पारखीचे, पिल्लू निवडण्याचे, आजारावरच्या झाडपाल्याचे, रंगांचे आणि खोडींचे जे शब्द पारध्यांच्या पालांवर आणि धनगरांच्या वाड्यांवर अजून बोलले जातात, ते जाऊन टिपून घ्यावेत. मुधोळच्या राजांचा वृत्तान्त कागदोपत्री आहे. कारवानचा इतिहास अजून माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे म्हातारी होत आहेत.